हृद्रोगाचें बीज व वंशावळीचा पुरावा

(१)

वंशावळ हें इतिहासाचें साधन कोणत्या प्रतीचें मानावें, याविषयीं संशोधकांत पूर्वीपासून मतभेद आहे. अस्सल पत्राच्या तोलाचें तें खास नव्हे. वतनाच्या तंट्यासाठीं रचलेल्या बनावट वंशावळी आपल्यापैकीं कोणीं पाहिल्या नाहींत? तथापि ह्याच दुय्यम समजल्या गेलेल्या साधनाच्या आधारें वैद्यकशास्त्रांत गेल्या शंभर वर्षांच्या आंत एक मोठा शोध लागला. तो शोध म्हणजे हृद्रोगाच्या एका आनुवंशिक कारणाचा. त्याची हकीकत क्रमवार मांडावी, व तीवरून आपल्या कुलवृत्तांतकारांनीं काय घ्यावें हें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पुराव्याची छाननी एवढाच आमचा अधिकार, व त्याच मर्यादेंत आम्ही राहणार आहों.

(२)

प्रथम आपल्या ग्रंथांचा विचार करूं. चरकसंहितेंत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पांच प्रकार सांगितले असून अतिव्यायाम, चिंता, भय, वेगविधारण, आघात इत्यादि कारणें दिलीं आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, व्याधींचे सात वर्ग केले आहेत. त्यांतील पहिला आदिबलप्रवृत्त, म्हणजे शुक्र व शोणित यांच्या दोषांमुळें उत्पन्न होणारा. आणि त्याचे मातृज व पितृज असे दोन पोटभेद आहेत. प्रमेहाचा एक असाध्य प्रकार बीजदोषानें होतो असें चरकाचेंही मत आहे.

परंतु सुश्रुतानें आदिबलप्रवृत्त व्याधींचीं उदाहरणें दिलीं तीं कुष्ठ व अर्श यांचीं. हृद्रोगाचें नांव तेथें नाहीं. पुढें 'प्रभृति' असें पद आहे, त्यांत हृद्रोग अंतर्भूत आहे असें म्हणणारे निघतील. पण एका 'प्रभृति' पदावर एवढी इमारत उभारणें हें संशोधन नव्हे. आचार्यांचें वास्तविक श्रेय इतकें कीं, रोग बीजांतून येऊं शकतो आणि तें बीज पित्याप्रमाणें मातेचेंही असतें, ही गोष्ट त्यांनीं स्पष्ट शब्दांनीं नमूद करून ठेविली. हें श्रेय लहान नाहीं. ह्या लेखाच्या शेवटीं त्याचा आम्हांस उपयोग होणार आहे.

(३)

आतां पाश्चात्य संशोधनाकडे वळूं. पित्ताशयांतील खड्यांपासून निघणाऱ्या एका स्निग्ध पदार्थास शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें १८१५ च्या सुमारास ग्रीक भाषेंतील 'पित्त' व 'घन' या अर्थाच्या शब्दांवरून नांव दिलें. तोच आजचा कोलेस्टेरॉल होय. पुढें १९१० सालीं विंडाउस या जर्मन रसायनज्ञानें रोगट व निरोगी महारोहिणींची तुलना करून दाखविलें कीं, रोगट भागांत ह्या पदार्थाचें प्रमाण वीसपटीहून अधिक असतें.

पदार्थ सांपडला, पण तो रोगाचें कारण कीं कार्य, हें ठरलें नव्हतें. रशियांत इग्नातोव्स्की यानें १९०८ त सशांना मांस, दूध व अंडीं चारलीं, तेव्हां त्यांच्या रोहिणी बिघडल्या. दोष मांसल अन्नांतील प्रथिनांचा, असा निष्कर्ष त्यानें काढला. प्रयोग बरोबर, पण अन्वय चुकीचा! सेंट पीटर्सबर्ग येथील अनिच्कोव्ह व खालातोव्ह यांनीं १९१३ त शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून सशांना दिलें आणि तोच विकार उत्पन्न केला. ह्यावर आक्षेप निघाला कीं, कुत्रे व उंदीर यांना असा आहार देऊनही विकार होत नाहीं. ससा तर स्वभावतः तृणभक्षक. त्याचें प्रमाण मनुष्यास कसें लागूं पडावें? आक्षेप रास्त होता. मनुष्याविषयींचा पुरावा मनुष्यांतूनच मिळावयास पाहिजे होता, आणि तो वंशावळींनीं दिला.

(४)

नॉर्वेंतील ऑस्लो येथील वैद्य कार्ल म्यूलर याच्याकडे हृद्रोगाचे असे कांहीं रुग्ण येत कीं, ज्यांच्या टांचेमागील व हाताच्या पाठीवरील कंडरांवर आणि पापण्यांवर पिवळट गांठी वा चट्टे असत. त्यानें केवळ रुग्ण तपासून न थांबतां त्यांचे भाऊबंद, बहिणी, लेकरें व आईबाप यांची चौकशी केली. १९३८ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत १७ कुटुंबांचा वृत्तांत आहे. त्यांतील ज्या ७६ व्यक्तींत हा दोष होता, त्यांपैकीं ६८ जणांत हृद्रोगाचीं चिन्हें आढळलीं. गांठी, रक्तांत कोलेस्टेरॉलचें आधिक्य व छातींतील कळ या तीन गोष्टी एकाच मूळाच्या असून तें मूळ आईकडून वा बापाकडून अपत्यास मिळतें, असें त्यानें प्रतिपादन केलें.

त्याच्या कामास पूर्णता आली ती लेबाननांत. त्या देशांत जवळच्या नात्यांतील विवाह पुष्कळ. बैरूतच्या खाचादुरियन या वैद्यानें १९६४ त तेथील घराण्यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, अशा घराण्यांतील माणसांचे रक्तपरीक्षेवरून तीन निरनिराळे गट पडतात. एका गटांत कोलेस्टेरॉल सामान्य. दुसऱ्यांत सुमारें दुप्पट. तिसऱ्यांत सुमारें चौपट. दुसऱ्या गटास दोष एकाच जनकाकडून आलेला असतो, तिसऱ्यास मातापिता या दोघांकडून. तिसऱ्या गटांतील मुलांना विसाव्या वर्षाच्या आंतच हृद्रोग गांठतो. म्हणजे बीजदोषाची मात्रा मोजतां आली.

(५)

दोष कोणता, हें पुढें अमेरिकेंत, टेक्सास संस्थानांतील डॅलस येथें, जोसेफ गोल्डस्टाइन व मायकेल ब्राउन या जोडीनें उलगडलें. त्यांनीं १९७३ व १९७४ सालीं रुग्णांच्या त्वचेंतील पेशी काचपात्रांत वाढवून त्यांची निरोगी पेशींशीं तुलना केली. रक्तांत कोलेस्टेरॉल सुटें फिरत नाहीं. तें सूक्ष्म कणांत भरलेलें असतें. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर हे कण धरून आंत घेणारीं ग्राहकद्रव्यें असतात. दोष एका जनकाकडून आला असेल तर तीं निम्मीं. दोघांकडून आला असेल तर जवळजवळ नाहींतच. मग आलेला माल वखारींत न शिरतां रस्त्यावरच पडून राहावा, तशी स्थिति होते. कण रक्तांत सांचतात व रोहिणींच्या भिंतींत शिरतात. इकडे पेशी उपाशी राहून स्वतःच अधिक कोलेस्टेरॉल बनवूं लागते. ह्या शोधाबद्दल उभयतांस १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

औषधाची हकीकत थोडक्यांत देतों. जपानांतील अकिरा एंडो यांनीं १९७३ त एका बुरशींतून असें द्रव्य काढलें कीं, जें पेशींतील कोलेस्टेरॉलची घडण रोखतें. मग गरज भागविण्यास पेशी अधिक ग्राहकद्रव्यें बाहेर मांडते व रक्त निवळतें. ह्या वर्गांतील पहिलें औषध १९८७ त अमेरिकेंत विक्रीस आलें. २००३ सालीं फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासांतून आणखी एक बीज उघडकीस आलें. तें अतिरेकानें कार्य करूं लागलें कीं ग्राहकद्रव्यें नष्ट होतात. उलट २००६ त असें प्रसिद्ध झालें कीं, ज्यांच्यांत हेंच बीज जन्मतः निकामी आहे अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांत हृद्रोगाचें प्रमाण ८८ टक्क्यांनीं कमी आढळलें. अपपाठ सदैव अनिष्टच असतो असें नाहीं!

(६)

पोथ्यांच्या संग्राहकांस ह्या प्रकरणांत एक ओळखीची गोष्ट दिसेल. एका लेखकाच्या हातून ओळ गळाली, तर त्या पोथीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत तीच गळ राहते; आणि समान गळ असलेल्या प्रती एका कुळाच्या, हें आपण ठरवितों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ त पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति प्रतींच्या अशा वंशवृक्षावरच उभी आहे. बीजांचेंही तसेंच. कानडांतील क्वेबेक प्रांताच्या फ्रेंच वंशीय लोकांत उपर्युक्त ग्राहकद्रव्याच्या बीजांतील एक मोठी गळ वारंवार सांपडते. दक्षिण आफ्रिकेंतील डच वंशीयांत मुख्यतः तीन अपपाठ आहेत. सतराव्या शतकांत समुद्रापार गेलेल्या मूठभर वसाहतवाल्यांनीं नेलेल्या ह्या प्रती होत.

आपल्या देशासंबंधींही असा एक पुरावा आहे. मात्र तो कोलेस्टेरॉलचा नसून हृदयाच्या स्नायूच्या दुर्बलतेचा. हृत्स्नायूच्या एका प्रथिनाच्या बीजांत २५ अक्षरांची गळ हिंदी वंशाच्या सुमारें ४ टक्के लोकांत आहे, असें हैदराबाद येथील कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्राच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ त प्रसिद्ध केलें. ती गळ सुमारें तीस हजार वर्षांपूर्वींची असावी, असा त्यांचा अंदाज. पुढें २०१८ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ही गळ असलेल्या कांहीं जणांत त्याच बीजांत दुसराही एक अपपाठ आहे. तेव्हां अनर्थ कोणत्या अपपाठाचा, हें जपून ठरवावें लागतें. एकाच प्रतींत दोन चुका असतां एकीचा दोष दुसरीवर घालण्याचा प्रमाद आपणही केलेला आहे.

(७)

आतां आमच्या घरच्या गोष्टीकडे येतों. आम्हीं एका घराण्याची वंशावळ कांहीं वर्षांपूर्वीं जुळविली. साधनें होतीं तीं श्राद्धांची यादी, कांहीं वतनी कागद व तीर्थोपाध्यायांच्या वहींतील नोंदी. तीन पिढ्यांतील चार कर्ते पुरुष आईच्या हयातींतच निवर्तले, हें कागदांवरून निर्विवाद होतें. तिथि प्रत्येकाची मिळाली, कारण श्राद्धास ती लागते. वय एकाचें मिळालें. कारण कोणाचेंच नाहीं. घराण्यांतील मुलींचीं तर नांवेंही नाहींत. 'कन्या दोन' एवढाच उल्लेख. त्यावर अनुमान बांधण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण म्यूलरच्या हातीं असे कागद पडले असते, तर त्याला एक अक्षरही लिहितां आलें नसतें.

आम्हीं पाहिलेले बहुतेक छापील कुलवृत्तांत याच मासल्याचे आहेत. त्यांत इनामें आहेत, मुनसबी आहेत, पदव्या आहेत; मुली नाहींत व मृत्यूचें कारण नाहीं. वर वर्णिलेला दोष तर पुत्रास व कन्येस सारखाच मिळतो. दोषयुक्त जनकाच्या प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. म्हणजे मुली गाळल्या कीं अर्धा पुरावा गेला. आणि हें आपल्या शास्त्रासही धरून नाहीं. मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें सापिंड्याचा अर्थ शरीराच्या अवयवांचा संबंध असाच केला असून, तें पितृपक्षीं सात व मातृपक्षीं पांच पिढ्यांपर्यंत मोजावयाचें आहे. सुश्रुतानें मातृज व्याधि वेगळे गणले. मग मातृपक्ष वगळणारी वंशावळ कोणत्या शास्त्राधारें पूर्ण म्हणावी?

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, अशा नोंदींनीं कुळास बट्टा लागून मुलामुलींचे विवाह अडतील. ही भीति खोटी नाहीं. म्हणून हयात माणसांसंबंधीं कांहीं छापूं नये. नोंद घरच्या वहींत असावी व घरच्या वैद्यास दाखवावी. दुसरा आक्षेप असा कीं, सर्वच हृद्रोग वंशागत नव्हेत. हेंही खरें. बहुसंख्य रुग्णांत अनेक बारीक बीजकारणें, तमाखू, रक्तदाब, मधुमेह व आहारविहार हीं एकत्र मिळून रोग घडवितात. पण ज्या एका दोषाची कथा वर सांगितली, तोही जगांत सुमारें अडीचशें ते तीनशें माणसांत एकास असतो, आणि वेळींच ओळखला तर आवरतां येतो. लहान वयांत रक्त तपासलें तर तो कळतो. न तपासल्यास तो बहुधा चाळिशीच्या आसपास पहिल्यानेंच छातींतील कळेनें कळतो.

सबब आमची सूचना अशी. यापुढें जे कुलवृत्तांत सिद्ध होतील त्यांच्या संपादकांनीं प्रत्येक मृत व्यक्तीचें वय व मृत्यूचें कारण, समजेल तितकें, कोणीं सांगितलें त्याच्या नांवासह नमूद करावें; ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहावी; आणि मुली, सुना व त्यांचीं माहेरें-सासरें यांच्या शाखा गाळूं नयेत. ज्यांना हें ठाऊक आहे तीं वृद्ध माणसें आज घरांत आहेत. कागद गेला तर त्याची दुसरी प्रत कदाचित् कोठें सांपडेल. ह्या माणसांच्या आठवणीची दुसरी प्रत नाहीं.