साल-कँडी, लिंबूवर्गीय फळांची (अहिल्यानगर जिल्हा)

मोसंबी, संत्रे, पपनस, महाळुंग इत्यादी फळांची साल उकळून कडूपणा काढल्यावर, क्रमाक्रमाने दाट केलेल्या साखरेच्या पाकात मुरवून वाळवलेला टिकाऊ पदार्थ. यूरोपात महाळुंगाची जाड साल यासाठी प्रसिद्ध असून इटलीतील लिव्होर्नो हे बंदर एके काळी तिच्या व्यापाराचे केंद्र होते. अहिल्यानगर (२०२४ पूर्वी अहमदनगर) जिल्ह्यात या पदार्थाला लागणारे फळ आणि साखर ही दोन्ही एकाच कालव्याच्या पाण्यावर पिकत आली. मात्र घरोघरी साल साखरेत मुरते ती प्रामुख्याने लिंबाच्या गोड लोणच्यात. त्याचा विचार पुढे केला आहे.

फळबागा : प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांखाली श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागांत ऊस आणि मोसंबी यांची लागवड वाढली. हरेगावची बेलापूर कंपनी व टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स (१९३३) हे खाजगी कारखाने आधीचे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे मोसंबीच्या बागांना शेंड्याकडून वाळत येणाऱ्या ऱ्हासाने (डायबॅक) आणि डिंक्या रोगाने ग्रासले. श्रीरामपूर येथे या ऱ्हासावर संशोधन झाले. एकच एक कारण सांगता येत नाही: भारी, चिबड जमीन, कालव्याचे वारेमाप पाणी, मुळांवरील बुरशी, विषाणू व अन्नद्रव्यांची कमतरता यांचा तो एकत्रित परिणाम मानतात. जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा खुंट वापरण्याची शिफारस याच संदर्भात येते. मोसंबीचा मोठा पट्टा आता जालना-छत्रपती संभाजीनगरकडे असून राहाता-संगमनेर भागात डाळिंब व पेरू यांनी जागा घेतली आहे. कागदी लिंबाचे क्षेत्र श्रीगोंदा, कर्जत या दक्षिणेकडील तालुक्यांत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) ‘साई सरबती’ व ‘फुले सरबती’ हे लिंबाचे वाण दिले. दोन्ही पातळ सालीचे व भरपूर रसाचे असल्याने बाजाराला सोयीचे, पण कँडीला निरुपयोगी आहेत.

सालीची निवड : रस काढल्यावर लिंबूवर्गीय फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल, चोथा व बिया या रूपाने उरतो. सालीचे दोन थर असतात. वरच्या रंगीत थरात तेलाच्या ग्रंथी, तर आतील पांढऱ्या थरात पेक्टिन असते. साखर धरून ठेवण्याचे काम पांढरा थर करतो. तो पूर्ण खरवडून टाकण्याचा सल्ला अनेक पाककृतींत आढळतो, पण तो योग्य नाही. पपनस व महाळुंग या दृष्टीने उत्तम, मोसंबी मध्यम, तर सैल व पातळ सालीचे नागपुरी संत्रे दुय्यम. पपनसाचा कडूपणा मुख्यतः नरिंजिन या द्रव्यामुळे असतो व ते उकळत्या पाण्यात उतरते. आंबे बहाराची मोसंबी पावसाळ्याच्या अखेरीपासून, तर मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळते. कोळी किडीने डागाळलेली साल (बागायतदार तिला लाल्या किंवा मंगू म्हणतात) रसाला चालते, कँडीला नाही, कारण डागाचा भाग उकळूनही चिवट राहतो. इथे सालच खायची असल्याने फवारणीच्या अंशांचा प्रश्न येतो. फळ कोमट पाण्यात ब्रशने घासून धुतात.

कृती : सालीच्या बोटभर पट्ट्या कापून तीन वेळा ताज्या पाण्यात उकळतात व दर वेळचे पाणी टाकून देतात. शेवटच्या उकळीला साल नखाने सहज तुटली पाहिजे. ही पायरी केवळ कडूपणासाठी नाही. कच्ची साल एकदम दाट पाकात टाकली, तर तिच्यातील पाणी लवकर बाहेर पडते आणि साखर त्या वेगाने आत शिरत नाही. साल आक्रसून वाळक्या चामड्यासारखी होते. उकळल्याने पेशींची पटले निकामी होतात व साखरेला वाट मिळते. साल घट्ट राहावी म्हणून काही जण ती आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात. मोसंबीला त्याची गरज आहे की नाही, याबाबत मतभेद आहेत.

पहिला पाक ३० टक्के साखरेचा (७०० ग्रॅम पाण्यात ३०० ग्रॅम साखर) असतो. साली त्यात उकळून रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाक निथळून, साखर घालून वा आटवून १० टक्क्यांनी दाट करतात आणि गरम असतानाच सालींवर परत ओततात. असे ७० टक्क्यांपर्यंत नेऊन साली त्याच पाकात आठवडाभर मुरवतात. प्रशिक्षणवर्गात ही टक्केवारी रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स अंशांत मोजतात; घरी ती तारेवरून जोखतात. एकतारी पाकाची खूण सर्वांची सारखी नसल्याने घरगुती कँडी एका खेपेला चिकट, तर दुसऱ्या खेपेला रवाळ होते. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी नगरची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६५० मी. उंची लक्षात घ्यावी. येथे पाणी ९८° से.च्या आसपास उकळते, म्हणून पुस्तकात दिलेल्या पाकाच्या तापमानातून दोन अंश वजा करावे लागतात.

निव्वळ साखर सामान्य तापमानाला पाण्यात ६७ टक्क्यांच्या आसपासच विरघळून राहते. त्यापुढे रवे धरतात. म्हणून पाकात लिंबू पिळतात. आम्ल व उष्णता यांमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत मोडतो आणि पाक ७० टक्क्यांवरही प्रवाही राहतो. भारतीय अन्नमानकांनुसार कँडीत एकूण साखर किमान ७० टक्के व तीत अशा मोडलेल्या (क्षपणकारी) साखरेचे प्रमाण किमान २५ टक्के लागते. याहून कमी दाट पाकातली साल पावसाळ्यात फसफसते. मुरलेल्या साली निथळून, पाण्याचा हात फिरवून, पातळ कापडाखाली दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. पिठीसाखरेत घोळवणे ऐच्छिक.

लिंबाचे गोड लोणचे : श्रीगोंदा-कर्जतकडील लिंबू ज्या रूपात घराघरांत टिकवले जाते, ते हेच. फोडींना मीठ लावून बरणीच्या तोंडाला दादरा बांधतात व साल मऊ पडेपर्यंत ती उन्हात ठेवतात. मग साखर किंवा गूळ घालतात. उपासाच्या लोणच्यात शेंदेलोण, जिरे व लाल तिखट पडते. येथे उकळीचे काम मीठ व आम्ल करतात, वाढत्या पाकाचे काम ऊन करते. रसाच्या आंबटपणामुळे साखर आपोआप मोडत असल्याने चांगल्या लोणच्यात सहसा रवा धरत नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकांत हा पदार्थ लोणच्यांत मोडतो, परंतु फळप्रक्रियेच्या दृष्टीने ती मीठ घातलेली साल-कँडीच होय.

प्रशिक्षण : फळप्रक्रिया हा कृषी विज्ञान केंद्रांच्या कार्यक्रमाचा भाग असतो, जिल्ह्यात बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत.



उपयोग : केक, बिस्किटे, आइस्क्रीम, श्रीखंड. अमेरिकन मराठी मिशन नगरमध्ये १८३१ पासून असल्याने येथे ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. नाताळच्या केकमध्ये अशी साल घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते. बेकऱ्यांत तिच्या जागी बहुधा कच्च्या पपईची रंगीत टूटी-फ्रूटी वापरतात, कारण ती स्वस्त पडते व कडू होण्याचा धोका नसतो. निथळलेला पाक टाकून देत नाहीत. तो सरबतात किंवा पुढच्या खेपेच्या पहिल्या पाकात वापरतात, मात्र दोन-तीन खेपांनंतर त्यात कडूपणा साठत जातो.