बोकड विकला, वाण राखला : फलटणच्या ‘नारी’ची वाटचाल

बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, स्थापन केली. सुरुवातीचा भर पिकांवर होता. बिनकाट्यांच्या करडईने संस्थेचे नाव झाले. पण माण-खटावपासून सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत पाऊस चुकला की घराला आधार देतात ती शेरडे-मेंढरेच. १९९० च्या सुमारास संस्थेत पशुसंवर्धनाचे काम उभे राहिले. त्याची धुरा डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली.

पहिले मोठे यश मेंढीत मिळाले. सुंदरबनच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ या कामात सोबत होते.

शेळीचे दुखणे वेगळे होते. झपाट्याने वाढणारा बोकड सर्वांत आधी बाजारात जातो. कळपात मागे राहतो तो खुरटा, आणि पुढची करडे त्याचीच. गरजेपोटी बोकड विकणाऱ्याला दोष कसा द्यावा? उपाय एकच होता : चांगल्या बोकडाचे रेत गोठवून ठेवायचे, म्हणजे बोकड विकला तरी वाण राहतो.

गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात, क्षारांची तीव्रता वाढते आणि पेशी मरते. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलने ही हानी रोखता येते हे दाखवले. गाई-म्हशींसाठी तंत्र लवकर रुळले. शेळीने मात्र दमवले. रेताला थंडीपासून जपण्यासाठी अंड्यातील पिवळा बलक घालतात. बोकडाच्या रेतातील एक विकर नेमका तोच बलक साकळवते, हे ए. रॉय यांनी १९५७ मध्ये नोंदवले होते. म्हणून रेत आधी धुऊन घ्यायचे, मग बारीक कांड्यांत भरून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे, अशी चिकाटीची पद्धत अवलंबावी लागते. फलटणच्या प्रयोगशाळेत उस्मानाबादी आणि बोअर बोकडांच्या रेतमात्रा तयार होऊ लागल्या.

खरी कसोटी वाड्या-वस्त्यांवर होती. नायट्रोजन सतत उडून जातो, टाकी वेळेवर भरली नाही तर सारे श्रम वाया. शेळीचा माज जेमतेम दीड दिवस टिकतो, आणि कळप रानात असला तर तो ध्यानातही येत नाही. शेळी अशी भरवता येते यावर लोकांचा विश्वास बसायलाही वेळ गेला. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनच्या साथीने गावातल्याच स्त्रियांना कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण मिळाले. हा या वाटचालीतला सर्वांत मोलाचा टप्पा म्हणावा लागेल, कारण घरची शेळी बाईच सांभाळते आणि माजही तिलाच आधी कळतो.

निंबकरांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते निवर्तले. काम चालू राहिले. पण नुसते रेत गोठवल्याने सामान्य बोकड उत्तम होत नाही. त्यामुळे उस्मानाबादी शेळीच्या राष्ट्रीय सुधार प्रकल्पात शेतकऱ्यांच्याच कळपांतील करडांची वजने नोंदवली जातात, आणि बोकडाची निवड त्या नोंदींवरून होते.