जवसाचं कुळ आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी

टोमॅटोच्या रोपाला अ‍ॅस्पिरिन पाजलं तर पान कुस्करलं तरी ते बोंब ठोकत नाही. ब्रिटनमध्ये डोहर्टी, सेल्वेंद्रन आणि डायना बोल्स यांनी 1988 साली हे छापलं. मला ते फार उशिरा वाचायला मिळालं, आणि तेव्हापासून मी त्याच्याच मागे आहे.

आधी ही बोंब म्हणजे काय ते सांगतो. किडीनं एक पान कुरतडलं की टोमॅटो आणि बटाटा न कुरतडलेल्या पानांतसुद्धा एक अडसर साठवू लागतात. किडीच्या आतड्यातली प्रथिनं पचवणारी विकरं या अडसरानं बंद पडतात, म्हणजे कीड खाते पण अंगी लागत नाही. ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी अमेरिकेत हे 1972 साली दाखवलं. अ‍ॅस्पिरिन दिलेल्या रोपात हा अडसर तयारच होईना.

आता आपल्या शरीरात अ‍ॅस्पिरिन काय करतं हे जॉन व्हेननं 1971 साली सांगून ठेवलं होतं. पेशीला इजा झाली की तिच्या पटलातून 20 कार्बनचं एक मेदाम्ल सुटतं, त्याचं प्रोस्टाग्लँडिन बनतं, मग सूज, ताप, ठणका. अ‍ॅस्पिरिन ते बनू देत नाही. पण टोमॅटोला ना ताप, ना ठणका. मग त्याच्यात ही गोळी अडवते तरी काय?

संशयित लगेच सापडतो: जॅस्मोनेट. त्याचा जाहीर इतिहास थोडक्यात उरकतो. 1962 मध्ये देमोल, लेदरर आणि मर्सिए यांना त्याचं मिथाइल रूप जाईच्या तेलात सुगंधी द्रव्य म्हणून मिळालं. 1971 मध्ये आम्ल रूप एका बुरशीत सापडलं. 1980 मध्ये जपानमध्ये उएदा आणि कातो यांनी ते पानं पिकवणारं द्रव्य म्हणून ओळखलं. फळं पोखरणाऱ्या एका पतंगाचा नरही मादीला भुलवायला त्याचंच जुळं वापरतो, हे मधल्या मधे. 1990 मध्ये फार्मर आणि रायन यांनी बंद काचपात्रात टोमॅटोशेजारी सेजब्रशच्या फांद्या ठेवल्या. त्यांच्यातून उडालेल्या जॅस्मोनेटच्या वासानंच टोमॅटोनं अडसर तयार केला. अत्तरवाल्यांचा माल झाडांचा संप्रेरक निघाला.

माझं मन मात्र अत्तरात नाही, जवसात अडकलंय. ज्याची आपण चटणी करतो तेच जवस. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं: 18 कार्बनची साखळी, त्यात तीन दुहेरी बंध. जॅस्मोनेटचा कच्चा माल तोच. अमेरिकेतलं बहुतेक जवस नॉर्थ डकोटात पिकतं, आणि तिथल्याच फार्गो गावच्या सरकारी प्रयोगशाळेत व्हिक आणि झिमरमन यांनी 1984 साली या मालापासून जॅस्मोनेटपर्यंतची वाट जोडून दाखवली. झिमरमनला 1966 सालीच जवसात एक विचित्र विकर सापडलं होतं. ते नेमकं काय करतं हे कळायला पुढं वीसेक वर्षं गेली.

पान फाटलं की हरितलवकाच्या पटलातून हे आम्ल सुटतं. एक विकर त्यावर ऑक्सिजन चढवतं. मग झिमरमनचं विकर, आजचं अ‍ॅलीन ऑक्साइड सिंथेज, त्यातलं पाणी काढून घेतं. उरतो तो पदार्थ, अ‍ॅलीन ऑक्साइड, इतका तकलादू की पाण्यात काही सेकंदांत मोडावा. तो मोडायच्या आत तिसरं विकर त्याच्या मध्यावर पाच कार्बनचं कडं वळतं. नंतर पेशीच्या दुसऱ्या कप्प्यात एका बाजूची साखळी दोन-दोन कार्बननं तीनदा छाटली जाते. अठरातून सहा गेले, बारा उरले: जॅस्मोनिक आम्ल. पाच कार्बनचं कडं, त्याला दोन शेपट्या. प्रोस्टाग्लँडिनचं चित्र शेजारी ठेवा. तेही पाच कार्बनचं कडं, दोन शेपट्या. इजा झाल्यावर पटलातून सुटलेल्या मेदाम्लाचंच बनलेलं.

तर माझा सिद्धांत: दोघं एकाच कुळातले, म्हणून एकच गोळी दोघांना लागू पडते. 1993 साली पेन्या-कोर्तेस आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की टोमॅटोत अ‍ॅस्पिरिन वाट अडवतं ती झिमरमनच्या विकराच्याच टप्प्यावर. 1998 मध्ये रबर देणाऱ्या ग्वायूले झुडपातल्या याच विकरावर अ‍ॅस्पिरिन आपला अ‍ॅसिटिल गट चिकटवतं, हे दिसलं. आपल्या शरीरातल्या विकरावरही ते नेमकं हेच करतं. याहून मोठा पुरावा काय हवा?

प्रतिपक्ष म्हणतो, थांबा. अ‍ॅस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिक आम्लाची मुलगी, आणि सॅलिसिलिक आम्ल हा झाडाचा स्वतःचाच संप्रेरक. 1979 साली व्हाइटनं तंबाखूच्या पानात अ‍ॅस्पिरिन टोचून विषाणूला थोपवलं होतं. रोगाशी लढताना सॅलिसिलेट वर येतं आणि किडीशी लढणाऱ्या जॅस्मोनेटला दाबतं, हे भांडण झाडात घरचंच आहे. शिवाय 1995 मध्ये खुद्द रायनच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की बाहेरून तयार जॅस्मोनेट दिलं तरी सॅलिसिलेट अडसर बनू देत नाही. कारखाना बंद पाडण्याचा प्रश्नच नाही, माल पोहोचल्यावरही ते आड येतं. हा घाव वर्मी आहे, नाकारत नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात: अ‍ॅसिटिल गट वरच्या टप्प्यावर, सॅलिसिलेट खालच्या.

दुसरा घाव समुद्रातून आला. 1969 मध्ये फ्लोरिडाजवळच्या एका मऊ प्रवाळात सुक्या वजनाच्या टक्का-दीड टक्का प्रोस्टाग्लँडिनं सापडली आणि औषध कंपन्या तिकडे धावल्या. पुढं या प्रवाळात जवसासारखंच अ‍ॅलीन ऑक्साइड बनतं असंही दिसलं. झालं! प्राणी आणि वनस्पती यांना जोडणारा दुवा हातात आला, असं वाटलं. पण नॅशव्हिलच्या अ‍ॅलन ब्रॅश यांच्या प्रयोगशाळेनं जवसाचं विकर 1993 मध्ये आणि प्रवाळाचं 1997 मध्ये उलगडलं, तेव्हा दोघांचं नातंच निघालं नाही. जवसाचं सायटोक्रोम पी-450 घराण्यातलं, प्रवाळाचं कॅटलेजच्या. प्रवाळ प्रोस्टाग्लँडिन बनवतो तेही आपल्यासारख्याच वाटेनं, हे टॅलिनच्या संशोधकांनी नंतर दाखवलं. अ‍ॅलीन ऑक्साइड बनवायची एकच युक्ती निसर्गानं दोनदा शोधली.

तरी मी हटत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिनांपैकीच एक, प्रोस्टासायक्लिन, बनवणारं विकर पी-450 घराण्यातलंच आहे. त्या घराण्याची रीत हवेतला ऑक्सिजन घ्यायची. पण हे विकर आणि जवसाचं, दोघंही ती मोडतात आणि मेदाम्लावर आधीच चढलेल्या ऑक्सिजनची फक्त फेरजुळणी करतात. 2008 साली जवसाच्या विकराच्या दुसऱ्या झाडातल्या भावंडाची रचना प्रसिद्ध झाली. त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललं की ते वेगळंच काम करू लागतं. इतकं लवचीक घराणं असेल तर सख्खे नाही, पण चुलत तरी म्हणायला माझी हरकत नाही. प्रतिपक्ष म्हणेल, पी-450 चं खटलं इतकं मोठं की त्यात कुणीही कुणाचा चुलत निघतो. म्हणू दे.

कुळाच्या मुळाशी सध्या उभी आहे मार्कँशिया ही साधी, चपटी, बिनफुलांची वनस्पती, वनस्पतिशास्त्राच्या वहीत आपण जिचं चित्र काढायचो ती. तिच्यात जॅस्मोनेट ओळखणारा ग्राहक आहे, पण तो वरच्या झाडांतल्या पक्क्या मालाला दाद देत नाही. 2018 साली दिसलं की त्याला हवा असतो कडं वळल्यानंतरचा, शेपटी पुरती न छाटलेला अर्धा माल. ग्राहकातलं एक अमिनो आम्ल बदललं की तो पक्का मालही घेऊ लागतो.