पाठीमागून पाहिलेला इतिहास : पुण्याच्या ‘इंडस’ खेळाबद्दल

आज किल्ला नाही, ताम्रपट नाही, बखरही नाही. आज मोबाइलवरच्या एका गोळीबाराच्या खेळाबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, इतिहास सुटणार नाही.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलो. छत्तीसगडीत पारा म्हणजे वस्ती. बूढापारा, ब्राह्मणपारा, बैजनाथपारा, तसा आमचा तात्यापारा. शारदा चौकाकडून येताना रस्ता जिथं आवळत जातो आणि ज्याच्या रुंदीकरणाची चर्चा ऐकता ऐकता आमचे केस पिकले, तोच हा भाग. ‘तात्या’ ऐकलं की मराठी कान टवकारतो, आणि कारणही आहे. नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करपंत १७४१ मध्ये रतनपूरवर चालून आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून इथला कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्यालय रायपूरला आणलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. इतक्या पसाऱ्यातून रोजच्या जगण्यात काय उरलं? दसऱ्याला सोनं वाटायची चाल. ती बिंबाजींच्या काळात इथं रुजली, असं छत्तीसगडच्या इतिहासाची पुस्तकं सांगतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. घरातली सोनपत्ती अजून वाळायची होती, तोवर १६ तारखेला ‘इंडस बॅटल रॉयल’ आला आणि माझ्या भाच्यानं तो लगेच फोनवर उतरवला. खेळ पुण्याचा, सुपरगेमिंग नावाच्या कंपनीनं केलेला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. तेव्हा घराघरात जे सुतक पडलं होतं ते आठवत असेल. पबजीचा भारतीय अवतार पुढच्या वर्षी आला, २०२२ मध्ये गायब झाला, २०२३ मध्ये परत आला. या येण्याजाण्याच्या काळात ‘आपला’ खेळ हवा ही मागणी वाढत गेली. इंडस घडला तो याच वर्षांत.

कल्पना फार आकर्षक आहे. समजा सिंधू संस्कृती लयाला गेलीच नसती, बहरत बहरत ताऱ्यांपर्यंत पोचली असती, तर? विरलोक नावाची जागा आहे. तिथं पूर्वी यक्ष राहत, आता त्यांचे अवशेष आहेत. काळ आणि वास्तव बदलू शकेल असं कॉस्मियम नावाचं खनिज तिथं मिळतं. ते शोधायला कोव्हेन या आकाशगंगेतल्या टोळीनं पाठवलेला ‘मिथवॉकर’ म्हणजे आपण. पात्रांची नावं सर-ताज, बिग-गज अशी. इंग्रजी खेळांत वीस वर्षं जॅक आणि मार्कस झाल्यावर ही नावं वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. शिवाय भाच्याचा साधा फोन हा सगळा डोलारा पेलतो, हेही कमी नाही.

आता जरा कॅमेऱ्याकडे या, कारण या खेळाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथं सापडतात. आपल्या व्याकरणात प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष असतात, तसेच ते खेळातही असतात. प्रथमपुरुषी खेळात डोळे तुमचे, समोर फक्त बंदूक. तृतीयपुरुषी खेळात तुम्ही स्वतःच्याच पाठीमागे चालता. १९९६ च्या ‘टूम रेडर’मध्ये लारा क्रॉफ्ट अशी पाठमोरी दिसली. २००१ मध्ये ‘मॅक्स पेन’ आला. आमच्या चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्यानं तो खेळताना गोळ्या संथ झाल्या की चार पोरं एकदम श्वास रोखायची. पण आजचा साचा पाडला तो २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’नं. त्यानं कॅमेरा खांद्यावर आणून बसवला. २००६ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर’नं भिंतीआड पाठ टेकून लढायची रीत सर्वांच्या अंगवळणी पाडली.

या नजरेचा फायदा म्हणजे पात्र जागेत उभं दिसतं. त्याची उंची, चाल, मागचं आकाश, बाजूचे अवशेष, सगळं एकत्र. ज्याला एक जग दाखवायचं आहे त्याला हीच नजर सोयीची. तोटा असा की कोपऱ्याआड लपूनही कॅमेरा पलीकडचं दाखवतो, म्हणजे न दिसता पाहता येतं. पबजीत यावर इतकी कुरकुर झाली की २०१७ मध्येच प्रथमपुरुषी सामने वेगळे करावे लागले. आणि एक व्यापारी गोष्ट. फुकट खेळाची कमाई पोशाखांवर चालते, आणि पोशाख दिसण्यासाठी पात्र दिसावं लागतं. त्यामुळे तृतीयपुरुषी नजर सुटत नाही, आणि तिच्यातून आपल्याला ‘आपला’ इतिहास बहुतेक वेळ दिसतो तो अंगरख्याच्या पाठीवर.

इथं मला एक योगायोग सांगायचा आहे. जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला कळवला तो २० सप्टेंबर १९२४ रोजी, लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून. खेळ आला तो त्याला शंभर वर्षं होऊन महिना उलटायच्या आत. दुसरं म्हणजे, खेळ पुण्यात झाला आणि पुण्यापासून फार लांब नाही असं दायमाबाद आहे, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. तिथं १९७४ मध्ये काशाच्या चार जड वस्तू सापडल्या : दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, गेंडा, रेडा आणि हत्ती. साधारण साठ किलोंचा ऐवज. उत्तर हडप्पा काळातला तो मानतात, काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. बिग-गज हे नाव ऐकलं तेव्हा मला आधी तो दायमाबादचा गज आठवला. आमच्या या हत्तीला खेळात जागा मिळाली असती तर महाराष्ट्रातल्या किती पोरांनी त्याचा मागोवा घेतला असता!

पण माझी खरी अडचण याहून मोठी आहे. सिंधूच्या शहरांत काय सापडलं? एकास दोनास चार या प्रमाणातल्या विटा, झाकलेली गटारं, मुद्रा, आणि सुमारे १३.६ ग्रॅम हे एकक धरून घडवलेली चौकोनी वजनं. भाल्यांची नि बाणांची टोकं सापडतात, नाही असं नाही. पण शत्रूंना तुडवणारा विजयी राजा, कैद्यांच्या रांगा, रणांगणं, हे जे इजिप्त आणि मेसोपोटेमियात भिंतीभिंतीवर दिसतं, ते इथं दिसत नाही. लिपी तर अजून कुणाला लागलेली नाही. ज्या लोकांनी तराजू मागे ठेवला त्यांच्या नावानं आपण बंदुकीचा खेळ केला. बॅटल रॉयल म्हणजे शेवटचा जिवंत राहील तो जिंकला. त्यात तराजूला जागा कुठून आणणार? ज्यानं मारलं त्याच्यावर डूख धरून पुढे हिशेब चुकता करायची सोयही या खेळात आहे. खेळ म्हणून ती चटकदार आहे हे कबूल, मला स्वतःला आवडली.

एका ठिकाणी मात्र करणाऱ्यांनी चौकट वाकवली आहे. सामना संपत येतो तेव्हा कॉस्मियम प्रकट होतं, आणि ते जो ताब्यात घेईल तो जिंकतो, बाकीचे जिवंत असले तरी. म्हणजे सगळ्यांना मारायची गरज उरत नाही. वस्तू हाती आली की झालं. कार्नेलियनचे मणी मेसोपोटेमियापर्यंत पोचवणाऱ्या व्यापारी लोकांना हा नियम कळला असता! या संपूर्ण खेळात मला सर्वांत सिंधू वाटली ती हीच गोष्ट.

त्या दिवशी मी भाच्याच्या शेजारी बसलो होतो. त्याचं पात्र एका भग्न वास्तूपुढून धावत होतं. म्हटलं, “थांब रे जरा, काय कोरलंय ते बघू.”

“मामा, रुका ना, झोन येतोय!”

झोन म्हणजे ते आकसत जाणारं वर्तुळ. बाहेर राहाल तर मराल. खेळाची गती त्याच्यावर चालते आणि खेळाचा इतिहास त्याच्याखाली चिरडतो. यक्ष कोण, गेले का, हे सगळं वर्णनात वाचायचं. सामन्यात त्याला पंधरा सेकंदही मिळत नाहीत. हाच प्रसंग एकट्यानं सावकाश खेळायच्या कथेत असता, २००७ च्या ‘मास इफेक्ट’सारखा, जिथं गोळीबार थांबवून माणसांशी बोलता येतं, तर ती भिंत मी नक्की पाहिली असती. तसं करायला पैसा आणि वर्षं किती लागतात याची कल्पना आहे. तरी मागणी नोंदवून ठेवतो.

आई पलीकडे भाजी निवडत होती. चष्मा वर करून तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्यात आपली माणसं कोणती?”

भाचा म्हणाला, “आजी, सगळीच आपली. पण सगळ्यांना मारायचंय.”

“अगं बाई,” म्हणाली, आणि देवापुढच्या ताटलीतलं दसऱ्याचं एक वाळकं पान त्याच्या फोनच्या पाठीला, कव्हरच्या आत, सरकवून दिलं.

ते अजून तिथंच आहे. परवा त्यानं नवं कव्हर घेतलं, तेव्हा जुन्यातून काढून नव्यात घातलं, मी बघितलं.