विझलेल्या चुलीचा वास

यंदा जूनच्या शेवटी गावी गेलो होतो. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. पावसाळ्यात गावात शिरलं की हिरव्या मिरचीच्या पोत्यांचा वास येतो आणि घर जवळ आलं असं वाटतं. या वेळी मात्र दार उघडलं आणि भलताच वास आला. ओल्या राखेचा, शिळ्या धुराचा, थोडा डांबरासारखा, थोडा कुबट. वहिनी म्हणाली, "पाऊस पडला की असंच होतंय. पाहुणे आले की लाज वाटते."

वास मागच्या खोलीतल्या चुलीचा होता. घरात गॅस आल्यावर चूल हळूहळू मागे पडली आणि गेली सात-आठ वर्षं तर पेटलीच नव्हती. दादाचं म्हणणं, फोडून टाकू आणि वर फरशी बसवू. आईचं म्हणणं, तिला हात लावायचा नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी सवयीप्रमाणे निर्णय टाळला आणि वाचत बसलो!

चूल किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली आणि त्या घरांत मातीच्या चुली निघाल्या. म्हणजे आपल्याकडे घरात बसून धूर खाण्याची परंपरा निदान तेवढी तरी जुनी आहे.

त्या धुराचं काहीतरी करावं असं लोकांनी मनावर घेतलं ते फार उशिरा. १९४० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच, पण धूर नळीतून बाहेर नेणारी. पुढे हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल बनवली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. तेव्हा आमचा भाग हैदराबाद राज्यातच होता. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली तरी मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडला तो १९५६ साली. म्हणजे आमच्याच राजधानीत बिनधुराची चूल तयार होती, आणि मोठी आई इथे फुंकणीने फुंकून डोळे चोळत होती.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम आला, तो २००२ पर्यंत चालला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्याच वाऱ्यात वडिलांनीही गवंड्याकडून नवी चूल घालून घेतली, सिमेंटच्या नळीचं धुराडं काढलं. मग गॅस आला. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत सिलिंडर नव्हता तिथेही तो पोचला. गंमत बघा, या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळतात.

या सगळ्या खटपटीत प्रश्न एकच, पेटलेल्या चुलीचा धूर बाहेर कसा जाईल? विझलेल्या चुलीचं काय करायचं, ते आमच्यासारख्यांनी आपलं आपण बघायचं.

तर वास का येतो? पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या पूर्ण जळत नाहीत. धुरातला चिकट डांबरासारखा अंश नळीत, भिंतीत, आढ्याला बसत जातो. राख हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात हे सगळं ओलं झालं की वास सुटतो. चूल पेटती असली तर गरम हवा धुराड्यातून वर जाते. विस्तव नसला की तीच नळी उलटी चालते आणि बाहेरची गार, दमट हवा वास घेऊन घरात उतरते.

हे वाचलं आणि लहानपण आठवलं. आई पहाटे उठून राख भरायची, ती भांड्यांना जायची, उरलेली उकिरड्यावर. मग चुलीला पोतेरं. मग विस्तव. हे रोज, सणावाराला आणि आजारपणातही. म्हणजे तेव्हा चुलीला वास नव्हता असं नाही, तो साठायला एक दिवसाचीही सवड मिळत नव्हती. आम्ही म्हणायचो, "आपल्या चुलीचा वास किती छान!" तो चुलीचा नव्हताच, आईच्या हाताचा होता. हे कळायला चूल विझावी लागली.

मग दादा आणि मी कामाला लागलो. तोंडाला फडकं बांधलं, काजळी उडू नये म्हणून जरा पाणी शिंपडलं आणि जुनी राख खालपर्यंत उकरून काढली. तिच्यात उंदराचं घरटं निघालं, कुबट वासाचा निम्मा उलगडा तिथेच झाला. बांबूला गोणपाट गुंडाळून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने नळी आतून घासली. चुलीचा आणि भिंतीचा काळा थर खरवडला, खिडकी उघडी ठेवून चार दिवस पंखा लावला, मग चुलीवर ताजी माती आणि भिंतीला चुना. नळीच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसवली, बाजूने वारा जाईल अशी. खालून गोणपाटाचा बोळा. कोपऱ्यात टोपलीभर कोरडा कोळसा, तो वास धरतो. वहिनीने आधी फिनाइल आणि उदबत्त्या करून बघितल्या होत्या. त्याने दोन वास होतात, एवढंच.

वास गेला का? बराचसा. मुसळधार पावसात अजून किंचित येतो.

काम संपल्यावर मी आईला म्हटलं, "तुझा जीव आहे ना गं या चुलीवर, म्हणून ठेवली."

आई हसली. "जीव कशाचा? डोळे गेले माझे तिच्या धुरापायी. चाळीस वर्षं काढली तिच्यापुढं. पण गॅस सरला आणि टाकी चार दिवस आली नाही तर तुझी वहिनी भाकरी कशावर करील? चूल मोडायला घंटा लागतो, घालायला घालणारी लागते. आता कुणाला येती?"

मी आठवणींचा हिशेब करत होतो, ती उद्याच्या भाकरीचा.

निघायच्या दिवशी वहिनी आईजवळ बसून पोतेरं कसं द्यायचं ते शिकत होती. मीही बसलो. आई म्हणाली, "तू पण शीक. हात काही झिजत नाहीत."

असो. तुमच्या घरी अशी एखादी विझलेली चूल असेल तर पाऊस लागायच्या आत राख काढून घ्या. आणि ती रोज कोण काढत होतं, तेही एकदा आठवा.