हॉर्निमन सर्कल: बाबांची डबा खायची जागा

तुम्ही हे लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर आधीच माफी मागतो, कारण आजचा विषय आहे बसण्याचा.

माझे बाबा फोर्टमधल्या एका बँकेत शिपाई होते. साहेब लोक कॅन्टीनमध्ये जेवायचे. शिपायांनी कुठे जेवायचं, ते ज्याचं त्याने बघायचं. बाबा म्हणायचे, "मी आपला बागेत जातो." माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी दोन तास आधी पोचलो होतो, तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, "हॉटेलात पैसे घालवू नकोस. हॉर्निमन सर्कलला जाऊन बस." बसलो. घाम वाळला, शर्ट सुकला, मग गेलो. तेव्हापासून या जेमतेम अडीच एकराच्या बागेची गोष्ट सांगायची होती.

तर ऐका. इथे आधी बाग नव्हतीच. मुंबईचा किल्ला होता तेव्हा त्याच्या आतली ही मोकळी जागा, नाव 'बॉम्बे ग्रीन'. नाव हिरवं, पण पडलेल्या असायच्या कापसाच्या गासड्या. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि जागा ओसाड झाली. समोर १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिकची पायऱ्यांवाली इमारत. याच टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमायचे. त्यांच्या संघटनेचंच पुढे बीएसई झालं. म्हणजे दलाल स्ट्रीटच्या आधी दलालांनाही झाडच लागलं होतं!

इथे वर्तुळ करायची कल्पना मांडली पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटने. हा माणूस जरा नीट लक्षात ठेवा. देशी भाषा फाडफाड बोलायचा, वेश बदलून गावात फिरायचा. १८५७ मध्ये त्याने शिपायांचा कट हुडकून काढला, आणि त्या ऑक्टोबरात दोघांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

त्याची कल्पना गव्हर्नर एल्फिन्स्टनने उचलून धरली आणि बार्टल फ्रियरच्या काळात काम पुढे गेलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव. जमिनीचे तुकडे कंपन्यांना विकले गेले, त्यात नफाही चांगला झाला. पण सगळ्या इमारतींची दर्शनी बाजू एकसारखी, खाली कमानींचा व्हरांडा. पावसात छत्री विसरलेल्यांचा तो व्हरांडा अजून आधार आहे. वर मान केलीत तर कमानींवर दाढीवाले दगडी चेहरेही दिसतील. मधली बाग १८७२ मध्ये पूर्ण झाली. नाव, अर्थात, एल्फिन्स्टन सर्कल.

मग हॉर्निमन कोण? बेंजामिन गाय हॉर्निमन, इंग्रज माणूस, फिरोजशाह मेहतांनी काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. रौलट कायद्यावर, पंजाबातल्या दडपशाहीवर त्याचा पेपर सरकारला सोलून काढायचा. एप्रिल १९१९, जालियनवाला बागेला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा सरकारने या आपल्याच माणसाला बोटीत बसवून इंग्लंडला पाठवून दिलं. तिथेही तो गप्प बसला नाही, अमृतसरवर पुस्तक लिहिलं. परत यायला १९२६ उजाडलं. स्वातंत्र्यानंतर सर्कलला त्याचं नाव मिळालं. १९४८ मध्ये तो गेला.

म्हणजे बघा, शिपायांना तोफेच्या तोंडी पोचवणाऱ्याची कल्पना, आणि नाव हिंदुस्तानची बाजू घेऊन हद्दपार झालेल्याचं. मला हा हिशोब आवडतो. नावं बदलण्यावर मी एरवी नाक मुरडतो, इथे नाही.

बाबा आता रिटायर झालेत. परवा त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. दुपारी दीडची वेळ, बाकांवर कुरियरवाली पोरं, एक वकीलसाहेब बूट काढून चक्क झोपलेले. बाबांचा नेहमीचा बाक अडलेला होता, म्हणून झाडाच्या कट्ट्यावर टेकलो. इतकी वर्षं इथे जेवले, पण हॉर्निमन कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, कुणीतरी गव्हर्नर असेल. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आपल्या बाजूचा होता तर," बाबा म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. भेंडीची भाजी होती.