लेथ, कानस आणि ड्रॉइंगचा कागद : यंत्रशिक्षणाची आपल्याकडील वाटचाल



दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. गुण बरे असले तर "सायन्सला घालायचा की कॉमर्सला?" आणि बेताचे असले तर "कोणत्या गॅरेजला लावायचा?" या दोन प्रश्नांच्या मधून एक वाट जाते. ती म्हणजे यंत्र अभियांत्रिकीची पदविका, जिला सर्वजण 'मेकॅनिकलचा डिप्लोमा' म्हणतात. ही वाट आपल्या देशात कोणी पाडली, कोणासाठी पाडली, आणि आपला समाज तिच्या तोंडाशी उभा असूनही आत शिरायला त्याला इतकी वर्षे का लागली, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. मी इतिहासाचा शिक्षक, लेथवर उभा राहणारा नव्हे. परंतु ही हकीकत जितकी लेथची आहे तितकीच इतिहासाची आहे.

आपल्या सभासंमेलनांतून जुन्या मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. टाळ्या पडतात आणि विषय संपतो. त्यांतील एक नाव मात्र टाळ्यांवर सोडून देण्यासारखे नाही. इस्माईल अल-जझरी हा दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी असलेला यंत्रकार. १२०६ साली त्याने यंत्रविद्येवरील आपला अरबी ग्रंथ पुरा केला. पाणघड्याळे, कारंजी, वजूसाठी पाणी देणारी यंत्रे, पाणी उपसण्याची साधने अशा पन्नास यंत्रांची त्यात आकृत्यांसह वर्णने आहेत. दोन सिलिंडरांचा, दट्ट्याने पाणी ओढून वर चढविणारा पंपही आहे. परंतु माझ्या मते या यंत्रांहून महत्त्वाची आहे ती त्याची काम सांगण्याची पद्धत. लाकूड पुढे वाकू नये म्हणून त्याचे थर एकमेकांवर कसे चिकटवावेत, झडप आणि तिची बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकींवर घासून पाणी गळणार नाही अशी कशी बसवावी, ओल्या वाळूच्या बंद साच्यात धातू कसा ओतावा, हे सर्व तो सांगतो. आपल्यामागून येणाऱ्या कारागिराने पुस्तक उघडावे आणि यंत्र उभे करावे, हा त्याचा हेतू. तो सफलही झाला. १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याच्या वर्णनावरून त्याचे मोठे पाणघड्याळ पुन्हा तयार करण्यात आले आणि ते चालले. जवळजवळ पावणेआठशे वर्षे मध्ये गेली होती!

हे कशामुळे शक्य झाले? अल-जझरी हाताने काम करणारा होता आणि तोच कागदावर माप व आकृती उतरविणारा होता. आपल्याकडे नेमकी हीच दोन कामे वेगवेगळ्या माणसांकडे गेली. उस्तादाने शागिर्दाला हुनर दिले ते हाताला हात धरून. उस्तादाच्या डोक्यात होते ते त्याच्याबरोबर कबरीत गेले. दुसऱ्या बाजूला जो लिहायला वाचायला शिकला त्याने कानशीला हात लावायचा नाही, अशी समजूत होऊन बसली. हा दोष एका धर्माचा नव्हे, साऱ्या देशाचा आहे.

इंग्रजी अमदानीत वाफेचे यंत्र आले तेव्हा प्रथम शिकले ते गोदीवरचे लोक. मुंबईच्या जहाजबांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशर खरशेटजी यांनी १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून ते गोऱ्या कामगारांवर अधिकारी झाले. असे कॉलेज तेव्हा मुंबईत नव्हतेच. घरचा धंदा, गोदीची शाळा आणि इंग्रजी पुस्तके यांवर त्यांचे शिक्षण झाले. परंतु एका घराण्याला जे साधले ते हजारोंना कसे साधावे?

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि त्याच वर्षी पुण्यात सरकारने एक शाळा उघडली. तिचे नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. हेच पुढे पुण्याचे सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले; २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पण तिचा मूळ हेतू ध्यानात घेण्यासारखा आहे. इमारती, रस्ते, कालवे, धरणे यांच्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम नोकर सरकारला हवे होते. वरच्या जागांसाठी इंग्लंडात माणसे होतीच. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याला साहेब पुरविण्यासाठी १८७०च्या सुमारास तिकडे कूपर्स हिल येथे खास कॉलेजही निघाले आणि ते १९०६ पर्यंत चालले. म्हणजे आपल्या देशात तंत्रशिक्षण जन्माला आले तेच 'साहेब' आणि 'दुय्यम' अशी पाटी गळ्यात घालून. पदवीवाला वरचा, पदविकावाला खालचा, ही आजची भावना आपण स्वतः निर्माण केलेली नाही. ती वारशाने आली आहे. याच पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले. दुय्यमांसाठी काढलेल्या शाळेतून कोण बाहेर पडेल हे शाळा काढणाऱ्याला ठाऊक नसते.

पुण्याचा भर स्थापत्यावर, म्हणजे बांधकामावर. यंत्रांकडे खरे लक्ष वळविले ते गिरण्यांनी. गिरणीतले इंजिन बिघडले की विलायतेहून आलेल्या माणसाकडे पाहत बसावे लागे आणि त्याचा पगार मालकांना जड जाई. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आधी भायखळ्यास, आणि १९२३ पासून माटुंग्यास. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. येथे यंत्रविद्या आणि कापडविद्या हे विषय सुरुवातीपासून. येथे शिकलेला मुलगा सकाळी गणित करी आणि दुपारी हात काळे करी.

आता प्रश्न असा की या सगळ्या काळात आपण कोठे होतो? आपण तेथेच होतो, पण दाराबाहेर! १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात, भिवंडीत, मालेगावात वसले होते. कोकणचा मुसलमान जहाजांवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून सातासमुद्रापार जात होता. यंत्राची भीती आपल्याला कधीच नव्हती. नव्हता तो कागद.

समाजाचे पुढारी झोपले होते असेही म्हणता येत नाही. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली, तिचे दोन वर्षांत कॉलेज झाले. १८८२च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला, आणि माध्यमिक शाळेत विद्यापीठाकडे नेणाऱ्या वाटेबरोबर दुसरी, व्यवहारोपयोगी वाटही असावी असे सुचविले. पण या दुसऱ्या वाटेवर गर्दी कोणत्याच समाजाची झाली नाही. सर्वांना हवी होती सरकारी खुर्ची किंवा वकिलीचा झगा. त्या काळी वकील आणि बॅरिस्टर हवेच होते, त्याबद्दल त्या पिढीला बोल लावण्याचे कारण नाही. तरीही हिशेब मांडून पाहा. अलीगढला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले १९३५ साली. मुंबईत भायखळ्यास दानशूर मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली १९३६ साली. आज ती अंजुमनच्या कारभाराखाली आहे आणि १९८४ पासून तिला अभियांत्रिकी महाविद्यालयाचीही जोड मिळाली आहे. म्हणजे पहिल्या शाळांपासून पहिल्या कार्यशाळेपर्यंत साठ वर्षे गेली. विणकर, लोहार, खलाशी यांच्या समाजाला लेथपर्यंत पोहोचायला साठ वर्षे!

येथे काही पालक विचारतील, "गॅरेजमधला उस्ताद कॉलेजात न जाता इंजिन उघडतो आणि बसवतो. मग तीन वर्षे कॉलेजात घालवून अधिक काय मिळते?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी एक साधे उदाहरण घेऊ. २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा एका भोकात सहज फिरेल असा बसवायचा आहे. उस्ताद काय करील? दांडा थोडा घासील, घालून पाहील, पुन्हा घासील. अखेर तो दांडा त्या भोकात झकास बसेल. पण त्याच भोकात! उद्या दांडा तुटला तर उस्तादालाच बोलवावे लागेल. पदविकेचा विद्यार्थी वेगळे शिकतो. तो कागदावर लिहितो की भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत असावे आणि दांडा २४.९८० ते २४.९९३च्या आत. आता भोक पुण्यात पाडा आणि दांडा कोइमतूरला बनवा, दोन्ही प्रथमच भेटतील आणि बसतील. यातला सर्वांत मोठा फरक माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी आहे. मोटारीचे, पंपाचे, शिवणयंत्राचे सुटे भाग बाजारात मिळतात ते याच जोरावर. उस्तादाचे कसब एका यंत्रापुरते राहते, ड्रॉइंगचा कागद ते हजार यंत्रांपर्यंत पोहोचवितो. अल-जझरीने केले तेच हे. पदविकेच्या पहिल्या वर्षाला मुलाच्या एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात पेन्सिल दिली जाते. पुढे पदार्थांची ताकद, उष्णतेची यंत्रे, यंत्रांच्या गतीचे शास्त्र हे विषय येतात.

स्वातंत्र्यानंतर ही वाट रुंद झाली. १९५०च्या सुमारास कारागीर प्रशिक्षणाची योजना येऊन गावोगाव आय.टी.आय. निघाल्या. १९५८ साली पवईची आय.आय.टी. सुरू झाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि १९७३च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारकांनाही त्यात घेतले. कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येऊ लागली. १९८३ पासून महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, शुल्कही वाढले, आणि 'बी.ई. नाही तर काहीच नाही' असे एक नवे वेड आले. त्यात पदविका मागे पडली, हे मला बरे वाटत नाही.

आणि आपण? २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने आपल्यापुढे आरसा धरला. वीस वर्षांवरील एकूण लोकसंख्येत सुमारे ७ टक्के लोक पदवी वा पदविकाधारक होते. मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी. तंत्रशिक्षणात तर आपली संख्या नावालाच होती. याच पिढीतले आपले हजारो भाऊ आखातात वेल्डिंग, फिटिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती अशी कामे करीत होते! काम तेच, पण कागद नसला की हुद्दा मदतनिसाचा आणि पगारही त्याच मापाचा. १९८३च्या स्थलांतर कायद्यानुसार दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी सरकारी परवानगी लागते. पारपत्रावरची ती खूण आपल्या किती घरांत आहे, हे आपणच मोजावे.

मुलींविषयी दोन शब्द. यंत्राचे काम म्हणजे घण मारणे, अशी कल्पना अजून आहे. आज ड्रॉइंग संगणकावर काढतात आणि लेथला आकडे देऊन चालवितात. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून १९४०च्या दशकातच ए. ललिता ही तरुण विधवा माता अभियंता होऊन बाहेर पडली. तेव्हा जे अशक्य नव्हते ते आज का असावे?

आता व्यवहाराचे थोडे. पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते आणि प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविका झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आर्थिक अडचणीमुळे मध्ये थांबलेला मुलगा पुन्हा चढू शकतो, आणि गॅरेजमध्ये गेलेल्या दहावी पास मुलालाही दार बंद झालेले नाही. आपली मुले कार्यशाळेत क्वचितच मागे पडतात. ती अडतात पहिल्या सत्राच्या गणितात आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत. तेव्हा आठवीपासून भूमिती आणि बीजगणिताकडे पाहा. दहावीची परीक्षा संपल्यावर मिळणारे दोन महिने इंग्रजीला द्या. आपल्यातील अनेक व्यावसायिक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. ज्यांना लागू असेल त्यांनी जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र काढावे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. ही सर्व कागदपत्रे एप्रिल-मेमध्येच तहसील कचेरीतून करून घ्यावीत. निकालानंतर तेथे फार मोठ्या रांगा लागतात.